कोपऱ्याचा प्लॉट

आमचं घर आमच्या नावावर झालं त्या दिवशी मी दुपारी चक्क झोपले. मेस चालवणाऱ्या बाईला दुपारची झोप म्हणजे चैन. सकाळचे डबे जातात न जातात तोच रात्रीच्या कणकेची वेळ होते. पण त्या दिवशी पाहुणे जेवून गाडीत बसले, मी पंख्याखाली आडवी झाले आणि उठले ती थेट मेसचे पोट्टे दार वाजवायला लागले तेव्हाच. "काकू, आज उपास आहे काय?" एकाने खिडकीतून विचारलं. एरवी मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी हसूच आलं. सगळ्यांसाठी खिचडी टाकली, वर पापड भाजून दिले.

घर नावावर झालं म्हणजे नवीन घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! याच घरात मी रांगले, याच घरातून लग्न होऊन गेले, आणि लग्न मोडल्यावर याच घरात परत आले. तेव्हा बाबा होते. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. पुढची खोली रिकामी करून दिली आणि म्हणाले, "इथं चूल टाक. कॉलेजची पोरं आहेत, उपाशी थोडी राहतात!" अमरावतीतलं आमचं घर कॉलेजच्या मागच्या चौकात, अगदी कोपऱ्यावर. मेस चालायला तेवढं पुरलं. बाबा गेले, आई म्हातारी झाली, धाकटा भाऊ नोकरीला पुण्यात गेला. मी आणि माझ्या शेगडीचा आवाज मात्र तिथेच.

पोट्टे वाढले, तेव्हा वर एक मजला चढवावा असं मनात आलं. बांधकामाची परवानगी हवी तर आधी जागेची सरकारी मोजणी करून घ्या, असं नकाशा काढणाऱ्यानं सांगितलं. मी अर्ज केला. उन्हाळ्यात एक मोजणीदार आपलं यंत्र घेऊन आला. त्यानं अंगणात तिवई रोवली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग कागद हातात धरून शेजारच्या फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "तुमचा प्लॉट हा नाही. तुमचा तो बाजूचा आहे."

"काय सांगून राहिले तुमी? ऊन लागलं काय?"

मला खरंच वाटलं की त्याला ऊन लागलं. मी त्याला सावलीत बसवलं, ताक दिलं. ताक पिऊन तो पुन्हा तेच म्हणाला! मग त्यानं मेसच्या टेबलावर नकाशा पसरला. बाबांच्या नावाची आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा, मीच हौसेनं काढून ठेवली होती. तिच्यावरचा नंबर त्यानं नकाशात दाखवला. तो आतल्या प्लॉटवर होता. आम्ही बसलो होतो कोपऱ्यावर.

"मग हा कोपरा कोणाचा?" मी विचारलं.

त्यानं एक नाव वाचलं. ते चाचाचं होतं.

चाचा म्हणजे बाबांचे दोस्त. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे, चाचा तिथंच सुतारकाम करायचे. आमचा हा भाग म्हणजे नुसती काळी माती होती, बाभळी होत्या, तेव्हा दोघांनी मिळून शेजारी शेजारी दोन प्लॉट घेतले. एक आमचं घर, एक त्यांचं. मधल्या भिंतीला एक खिडकीएवढी फट मुद्दाम ठेवलेली, तिच्यातून वाट्या इकडच्या तिकडे जायच्या. पुढे त्यांच्या मुलाचा अकोल्यात जम बसला आणि ते सगळे तिकडे गेले. चाचा तिकडेच वारले. इथलं घर त्यांनी भाड्यानं दिलं होतं, भाडं चाचीच्या हाती जायचं.

आई आत तुरीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आई, आपलं घर चाचाच्या जागेवर आहे म्हणतात."

"हौ," आई म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही. "अदलाबदल केली होती ना. तुले माहीत नाही काय?"

"कसली अदलाबदल?" मी तिच्यासमोरच बसले.

मग आईनं सांगितलं. आमचा खरा प्लॉट आतला, त्याला एकच रस्ता आणि तो दक्षिणेला. म्हणजे दारही दक्षिणेलाच येणार. आईचं नवीन लग्न झालेलं. तिनं बाबांना बजावलं, "दक्षिणेच्या दारातून मी घरात पाय ठेवणार नाही. यमाची दिशा ते. पाहिजे तर जिनिंगच्या खोलीतच राहतो." बाबांनी समजावलं, रागावून पाहिलं, दोन दिवस जेवले नाहीत. आईपुढे कोणाचं चाललंय! शेवटी चाचा म्हणाले, "भाभी, हमको तो कोई भी दिशा चलती. तुम कोना ले लो, हम अंदर का लेते." कोपऱ्याला पूर्वेचाही रस्ता होता. दोन्ही प्लॉट सारखे, तेव्हा भावही सारखा. रिकाम्या प्लॉटवर उभ्या उभ्या चहा झाला, आणि झाली अदलाबदल.

"आणि लिहून नाही घेतलं?"

"तुझे बाबा म्हणत, करून टाकू. चाचा म्हणत, करून टाकू." आईनं एक खडा शोधून बाजूला टाकला. "मले वाटलं, झालं असन."

मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि हार घातलेल्या माणसाला जे बोलू नये ते सगळं बोलले. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, पै इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि स्वतःच्या घराचे दोन कागद करायचे राहिले! आई मागून म्हणाली, "ओरडू नको, भाडेकरू ऐकतात." त्या वाक्यानं मला आणखीनच धडकी भरली. कारण ते भाडेकरू ज्या घरात राहत होते, ते घर कागदावर उभं होतं आमच्या जागेत. आणि माझी चूल, माझी टेबलं, माझी भांडी चाचाच्या.

इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मला सगळ्यांनी विचारलं. कसं येणार? घरटॅक्सची पावती बाबांच्या नावानं यायची, लाइटचं बिल बाबांच्या नावानं, नळाचंही. या सगळ्या पावत्या मी तारीखवार लावून ठेवल्या होत्या आणि माझ्या मते तीच आमची मालकी होती. खरेदीखत ट्रंकेत होतं, त्यावर नंबर होता. पण नंबर काही घराच्या भिंतीवर लिहिलेला नसतो.

रात्री भावाला फोन केला. तो आधी खूश झाला. "म्हणजे शेजारचं घर आपलं?"

"हौ. आणि आपलं त्यांचं."

तो हळूच म्हणाला, "ताई, कोपऱ्याचा भाव आता..."

"तू भाव सांगू नको मला."

तो सांगायची गरजच नव्हती. आमच्या पूर्वेचा रस्ता रुंद झाल्यापासून चौकात दुकानांची रांग लागली होती. दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी दलाल मोटारसायकल उभी करून विचारायचा, "काकू, कोपरा द्यायचा काय?" आतल्या प्लॉटला कुत्रंही विचारत नव्हतं. आणि चाचीचा मुलगा अकोल्यात काय करतो? प्लॉटचेच सौदे! कोपऱ्याची किंमत त्याला सांगायला कोणाची गरज नव्हती. तो उद्या कागद दाखवून म्हणाला असता, ताई, जागा मोकळी करा, तर मी काय दाखवणार होते? नळाची पावती?

मी घाबरले. सरळच सांगते. इतकी वर्षं पोट्ट्यांवर ओरडणारी, भाजीवाल्यांशी भांडणारी मी, पण त्या उन्हाळ्यात भाजीत मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही मला. घर गेलं असतं तर भावाला पुण्यात फ्लॅट होता. आईला तो घेऊन गेला असता. माझं काय? माझं पोट त्या पुढच्या खोलीवर होतं. वयाच्या या टप्प्यावर दुसरीकडे कुठे चूल मांडायची?

भाऊ म्हणाला, वकील गाठ, केस ठोकू. मी एका वकीलबाईंकडे गेले. त्या बडीशेप चघळत माझ्या पावत्यांची थप्पी चाळत होत्या. चाळून झाल्यावर थप्पी तशीच माझ्याकडे सरकवली.

"टॅक्स कोणीही भरलेला सरकारला चालतो," त्या म्हणाल्या. "त्यानं कोणी मालक होत नाही. मालकी येते रजिस्टर झालेल्या खतानं, आणि माणूस गेला की त्याच्या वारसांकडे जाते. तुमच्याकडे आहे तो कब्जा."

"मग इतकी वर्षं राहिलो त्याचं काहीच नाही?"

"आहे ना. बारा वर्षांच्या वर उघडपणे राहिलात म्हणून आता मालकी आमची, असा दावा कोर्टात करता येतो. पण त्यासाठी तुम्हाला सांगावं लागेल की तुम्ही मूळ मालकाच्या विरोधात राहत होता. त्याचा हक्क झुगारून."

"चाचाच्या विरोधात?"

"हो. त्यांनी खुशीनं राहू दिलं म्हणालात, तर दावा गेला."

मी उठून उभीच राहिले. आमच्या घराला पूर्वेचं जे दार आहे ना, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण झालं, त्याची सागवानी चौकट चाचानं स्वतः केलेली. जिनिंगमधून आल्यावर रोज थोडी थोडी. मजुरी घेतली नाही. मी रांगती होते, त्या लाकडाच्या भुशात खेळायचे म्हणे. आणि मी कोर्टात जाऊन सांगू की आम्ही या माणसाचा हक्क झुगारून राहत होतो? जीभ झडली नसती का माझी! "ते नाही व्हायचं," मी म्हटलं. "दुसरं काही असेल तर सांगा."

वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, "बसा. दुसरा रस्ता सोपाही आहे आणि अवघडही. अदलाबदलीचं खत करा. जे तोंडी झालं तेच कागदावर. पण आता सह्या करणारे दोघे राहिले नाहीत. दोन्हीकडचे सगळे वारस हवेत. एक जरी नाही म्हणाला, तरी अडलं."

आमच्याकडे आई, भाऊ आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. मी म्हटलं, "मी तर माहेरी राहते, माझं कसं धरता?" त्यावर त्या चांगल्याच चिडल्या. "माहेरी राहता म्हणजे काय? वडिलांच्या मालमत्तेत भावाएवढाच हक्क आहे तुमचा. तुम्ही कोणाच्या मेहेरबानीवर राहत नाही." इतकी वर्षं मी मनातल्या मनात भावाच्याच घरात राहत होते. त्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं थोडं ओझं उतरलं. पण चाचाकडे चाची, मुलगा आणि दोन मुली. त्यांच्या कायद्यात हिस्से वेगवेगळे, चाचीला आठवा भाग, मुलीला मुलाच्या निम्मा. सही मात्र सगळ्यांचीच लागणार होती.

मी अकोल्याची एसटी पकडली. आईनं हातचे सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया, डब्यात भरून दिले, चाचीला फार आवडायचे म्हणून. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात भाषणाची तयारी केली. मूर्तिजापूर गेलं आणि भाषण विसरले. अकोल्याचं ऊन तर काय विचारता! स्टँडवरून ऑटोत बसले तर सीटचा चटका बसला.

चाची तख्तावर बसून लसूण सोलत होती. केवढीशी झाली होती! मला पाहिल्याबरोबर ओरडली, "आ गई तू? फोन नहीं, चिठ्ठी नहीं! खाना खाके आई की नहीं?" तिनं लगेच मुलाला ऑफिसातून बोलावून घेतलं. चहा आला, फरसाण आलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मी तोंड उघडायची आणि चाची आणखी एक बशी पुढे करायची. शेवटी मला सहन होईना. मुलगा घरात येऊन टेकतो न टेकतो तोच मी एका दमात बोलून टाकलं, "चाची, तुमचं घर कागदावर आमच्या जागेत आहे, माझं तुमच्या जागेत आहे, आणि हे सगळं आईच्या त्या दक्षिणेपायी झालं!"

मुलानं चाचीकडे पाहिलं, चाचीनं मुलाकडे.

"ताई," तो म्हणाला, "आमाले माहीत हाय."

मी हातातली बशी खाली ठेवली.

चाचा गेल्यावर मुलाचा धंदा बसला होता. बँकेत काहीतरी गहाण ठेवावं म्हणून तो चाचाच्या नावाचा उतारा घेऊन गेला. बँकेचा माणूस अमरावतीला जागा पाहून आला आणि म्हणाला, छान प्रॉपर्टी आहे, कोपऱ्यावर आहे, पुढच्या खोलीत मेस चालते. तेव्हा याला कळलं. त्याला त्या वेळी गरज होती, कागद त्याच्या हातात होता, आणि आम्हाला तर पत्ताच नव्हता. तो घरी येऊन चाचीशी बोलला.

"मैं बोली," चाचीनं लसणाची पाकळी ताटात टाकली, "वो उनका घर है. अपना अंदरवाला. उतारा रख दे."

"आणि मी ठेवला," तो म्हणाला. "दुसरीकडून केली कशीतरी सोय."

डोळे भरून आले, पण त्याच वेळी माझं डोकंही तापलं. "मग सांगितलं काहून नाही? इतकी वर्षं! एक फोन नाही करता आला?"

दोघं पुन्हा एकमेकांकडे पाहायला लागले. मुलगा खाली बघून हसत होता.

"तेरे से डर लगता था," चाची म्हणाली.

"माझी भीती?"

"आतलं घर कागदावर तुमचं ना, ताई," तो म्हणाला. "अम्मीचा खर्च त्या भाड्यावर चालते. आमाले वाटलं, तुमाले कळलं आन् तुमी म्हटलं, काढा भाडेकरू, तर आमी काय करणार? आन् तुमाले कोण समजावणार? मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा तुमी त्या दलालामागं बेलणं घेऊन चौकापर्यंत पळाल्या होत्या. मी म्हटलं, ताई अकोल्यालेच येतीन बेलणं घेऊन!"

मी हसायला लागले. मग रडायला लागले. मग दोन्ही एकदम. मी एक उन्हाळा त्यांच्या भीतीत काढला होता, त्यांनी माझ्या भीतीत कितीतरी वर्षं काढली होती. चाचीनं लसणाच्या हातानंच माझं तोंड पुसलं, त्यामुळे डोळे आणखी झोंबले. "येडे, भैताड आहोत आपण सगळे," मी म्हटलं. ते सगळ्यांना पटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. चाचीची एक मुलगी अकोल्यातच होती, दुसरी परतवाड्याला. परतवाड्याची फोनवर म्हणाली, सही करते, पण येईन तेव्हा कढी-गोळे पाहिजेत. एवढीच तिची अट! वकीलबाईंनी खत तयार केलं. कोपऱ्याची किंमत जास्त, म्हणून स्टॅम्प ड्यूटी त्या हिशेबानं लागली, ती भावानं भरली आणि केसचं नावही पुन्हा काढलं नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी मी पहाटेच गोळे वळून ठेवले. रजिस्ट्री ऑफिसात दोन्ही म्हाताऱ्या एकाच बाकावर बसल्या होत्या, एकमेकींच्या औषधांच्या पुड्या उलटसुलट करून बघत. साहेबांनी आईला विचारलं, "आजी, काय करताय ते समजलं ना?"

"समजलं," आई म्हणाली. "दक्षिणेचं त्याहिले देऊन राहिलो."

मग चाचीला विचारलं, "राजीखुशीनं देताय ना? कोणाचा दबाव नाही?"

"देना क्या है साब," चाची म्हणाली. "घर इनकाच है. मैं तो लिखवाने आई."

साहेबांनी अंगठ्याचं यंत्र तिच्याकडे सरकवलं. माझ्या शेजारी भाऊ उभा होता. तो एकदम बाहेर पाणी प्यायला गेला.

घरी आलो तर पावसाळी हवेनं फुगलेलं दार नेहमीसारखंच अडलं. मी खांद्यानं धक्का दिला. चाची उंबऱ्याशी थांबली, चौकटीवरून हात फिरवला, वर पाहिलं, खाली पाहिलं. "थोडा रंधा मारना पडेगा," ती म्हणाली. तिचा मुलगा लगेच पुढे आला, "ताई, मी उद्याच सुतार पाठवतो."

"काही नको पाठवू," मी म्हटलं. "माझं घर आहे, माझं दार आहे, मी करून घेईन!"

मी नेहमीसारखीच बोलले होते, पण सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्याही कानावर ते तेव्हाच पडलं. इतक्या वर्षांत मी या घराला कधी माझं म्हटलं नव्हतं. कधी बाबांचं म्हटलं, कधी भावाचं.

चाचीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "हौ बाई, तेराच है," ती म्हणाली. "चिल्ला मत. लिख के दिए ना."